कातळावरचं वाळवण

इनलांदे, क्रिस्तियानसुंद
५ मे १९७४, रविवार

मालेना,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. सहा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणजे काहीतरी वाईटच असणार असं तुझ्या मनात आलं असेल. तुझ्या मनात नेहमी तेच आधी येतं. उलट आनंदाची बातमी आहे. तोरुन आलीय! माझी नात, हेल्गाची मुलगी. तू तिला मांडीवर घेतलंस त्याला बारा-तेरा वर्षं झाली, तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि ती तुझ्याच मण्यांची माळ चघळत होती. आता एवढी उंच झालीय की माझ्या स्वयंपाकघरात शिरताना तुळई डोक्याला लागते. रोज लागते. रोज "आई गं!" म्हणते आणि रोज विसरते. उन्हाळाभर राहणार आहे माझ्याकडे. वॉफल करायला घेतले की तव्यावरूनच उचलते, वर तपकिरी चीज, त्यावर जॅम. खाताना मी नुसती बघत बसते. घरात कोणीतरी भूक लागल्यासारखं खातंय हे बघायला किती बरं वाटतं ते तुला काय सांगू. नगरपालिकेत उन्हाळ्यापुरतं काम मिळालंय म्हणते. काय काम ते विचारलं तर म्हणाली, "असंच गं आजी, जुन्या गोष्टींचं." हे काय उत्तर झालं?

आता मुद्द्याचं.

गुरुवारी आपल्या कातळावर एक माणूस होता. पिवळा रेनकोट. ऊन चांगलं कडक पडलेलं, आणि हा रेनकोट घालून. हातात मोजायची फीत. वाकून मोजतोय, खडूने खुणा करतोय, मागे सरकून डोळे बारीक करून बघतोय. मी खिडकीबाहेरच्या आरशात त्याच्यावर लक्ष ठेवलं. (तो आरसा अजून आहे, आईने लावलेला. डोकं बाहेर न काढता गल्लीची दोन्ही टोकं दिसतात, तुला आठवत असेल, तुझी किती गुपितं त्यात पकडली गेली.) तो धक्क्याकडे गेला. मग मी योहानची दुर्बीण काढली. नवरा गेला पण दुर्बीण चांगली राहिलीय. फेरीबोट खाडी ओलांडून तुमच्या नूरलांदेच्या धक्क्याला लागली, पिवळा रेनकोट उतरला, टेकाड चढला, आणि कोणाच्या फाटकातून आत गेला? तुझ्या.

मी काही म्हणत नाही. फक्त विचारते. त्या तेलाच्या टाक्यावाल्यांनी पुन्हा विचारलंय का तुला?

सहा वर्षांपूर्वी ते लोक कातळ विकत मागायला आले तेव्हा तू माझ्याच टेबलावर, माझाच खाऱ्या माशाचा बाकालाओ तोंडात असताना म्हणाली होतीस, "काय करायचाय तो कातळ, ओलाउग? अजून मासे वाळवणार आहेस?" आणि अर्धी थाळी टाकून बोटीवर गेलीस. हेल्गाचा नवरा म्हणतो, बाबांनी कातळ दोघींच्या नावावर केलाय, तर तुझा अर्धा तू मला न विचारता विकू शकतेस. माझ्या खिडकीसमोरचाच अर्धा तुझा आहे. तिथे टाक्या उभ्या राहिल्या तर मला घरबसल्या काय दिसेल? पत्रा.

तेवढं कळव.

ओलाउग


१८ मे, शनिवार

मालेना,

तुझं उत्तर पत्राने आलं नाही, फेरीबोटीवरच्या एडविनच्या तोंडून आलं. बोटीचा दोर बांधता बांधता हा माणूस अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असा ओरडला, "ओलाउगबाई! मालेनाबाईंचा निरोप आहे! म्हणाल्या, दुर्बीण पुसून घ्या!" सगळे हसले. पाववाली तर पोट धरून. मीही हसले, नाहीतर काय करणार, पण घरी येऊन काच बघितली तर खरंच धूळ होती. म्हणजे तूही बघतेस तर! माझी काच धुळकट आहे हे इतक्या लांबून तुला कसं दिसलं? तुझ्याकडे काय आहे? मला वाटतं तुझ्या जावयाने जर्मनीहून आणलेलं काहीतरी असणार.

काल सतरा तारखेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत तू रस्त्याच्या पलीकडून चालत होतीस. निळा कोट. तो कोट खांद्यात घट्ट झालाय तुला. मी तुझ्याकडे बघितलं नाही. तोरुनने बघितलं आणि हात हलवला, आणि तूही हलवलास. इतका सहज! जणू परवाच भेटलेल्या असाव्यात. मी म्हटलं, "ओळखतेस तिला?" तर म्हणते, "आजी, मावशीआजी आहे ना ती माझी." म्हटलं, ते मला ठाऊक आहे, तुला कधीपासून ठाऊक? तर बँड वाजायला लागला.

आणि दुसरं. आपली फळी गेली.

कुठली म्हणून विचारू नकोस. चार मुठींची, मासे वाहायची. पुढे मी, मागे तू, मधे ओल्या माशांची चळत, आणि आपण दोघी कातळावर उतरताना मुकादम ओरडतोय, "पोरींनो, पाय बघा, मासे नको, पाय!" शाळेत जेवढी गेले नाही तेवढी मी त्या दोन मुठींमधे गेले. म्हणून तर अशी लिहिते, अक्षरं कशीही पळतात, वाचणाऱ्याने पकडायची. तर ती फळी तळघरात भिंतीला टेकवलेली होती. ईस्टरला बटाटे काढायला उतरले तेव्हा होती. आज नाही. कुलूप जागेवर. म्हणजे ज्याला किल्लीची जागा माहीत आहे त्याने नेली. ती जागा जगात तिघींना माहीत आहे. एक मी. दुसरी तोरुन, तिला मीच दाखवली. तिसरी तू.

जुनं लाकूड हल्ली लोक विकत घेतात म्हणे, भिंतीवर टांगायला. मी काही म्हणत नाही.

ओलाउग


९ जून, रविवार

मालेना,

तू त्याला चांगल्या कपात कॉफी दिलीस. सोनेरी कडेच्या. त्या कपांना मी कधी हात लावला तर आई म्हणायची, राहू दे, मालेनाला दिलेत. माझ्या लग्नातसुद्धा तू ते काढले नाहीस. आणि या रेनकोटवाल्याला अंगणात बसवून, वर केक! (दुर्बीण पुसलेली आहे. मलईचे थर मोजता येत होते.) तू बोलत होतीस आणि तो वहीत लिहीत होता. तू हाताने कातळ दाखवत होतीस. इकडून तिकडे, असा. आणि मग दोन्ही हात पुढे धरून काहीतरी दाखवलंस, हे एवढं, हे एवढं. जमिनीचं माप असंच दाखवतात.

माझी झोप गेलीय. तोरुन म्हणते, आजी, उन्हाळ्यात रात्र उजेडी असते म्हणून. मी काय आज राहायला आलेय या गावात?

तिचंही मला काही कळेनासं झालंय. तिच्याबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही, इतकी गुणी पोर. परवा माझे पाय कोमट पाण्यात घालून चोळून दिले, आणि चोळताना मला विचारत होती, "आजी, मासे कुठल्या बाजूने ठेवायचे? सकाळी कुठली बाजू वर? संध्याकाळी?" मी म्हटलं, तुला कशाला? तर म्हणे सहज. कोणी तरुण मुलगी सहज असं विचारते का? मी सांगितलं अर्थात. सांगायला लागले की मला थांबता येत नाही. सकाळी मांस वर, उन्हाला. उतरत्या वेळी कातडं वर. रास गोल रचायची, शेपट्या आत, वर झाकण, झाकणावर धोंडा. पाऊस दिसला की धावायचं, पडल्यावर नाही. पडल्यावर धावून काय उपयोग, भिजलेला मासा म्हणजे आठवड्याचं काम पाण्यात. ती ऐकत होती आणि तिच्या नखांत पांढरा रंग होता.

पांढरा रंग, मालेना. घरातलं काहीही रंगवलेलं नाहीये.

कातळावर आता खडूच्या जागी पांढऱ्या रंगाचे ठिपके आहेत.

ओलाउग


२४ जून, सोमवार

मालेना,

आता मला सगळं कळलं. तू हुशार होतीसच, बाबा म्हणायचेच.

काल धक्क्यावर सेंट हान्सच्या रात्रीची उन्हाळी होळी पेटवली तेव्हा मी खुर्ची घेऊन शेजारणींबरोबर बसले होते. तोरुन सॉसेज आणते म्हणून गेली. ती सॉसेज आणायला गेली ती पिवळ्या रेनकोटाकडे! दोघं पिंपांच्या मागे उभी. तो काहीतरी सांगतोय, ही हसतेय, त्याच्या बाहीवरचा रंग नखाने खरवडतेय. त्याच्याही बाहीवर रंग! मी सॉसेज न खाता घरी आले. ती मागोमाग.

"आजी, काय झालं?"

"तो कोण?"

"कोण?"

"उन्हात रेनकोट घालणारा."

"अर्नफिन," म्हणाली, आणि लाल झाली. "चांगला आहे गं. रेनकोट त्याच्या वडिलांचा आहे, कोळी होते."

"मालेनाकडे कशाला जातो?"

आता बघ. ज्या मुलीने मला जन्मात खोटं सांगितलं नाही ती छताकडे बघून म्हणाली, "कॉफी प्यायला." आणि दारातून जाताना डोकं तुळईला आपटलं.

तर असा डाव आहे तुझा. सरळ मागितला तर कातळ मी देणार नाही, म्हणून एक देखणा मुलगा पाठवायचा. तो माझ्या नातीला फिरवणार, तिला माझा अर्धा मिळेल तेव्हा तो त्याचा, आणि तुझा अर्धा तर तुझ्या पदरात आहेच. झाली टाक्यांची सोय. शाब्बास! मी तोरुनवर रागावलेली नाही. प्रेमात माणूस आंधळं होतं, मी योहानशी लग्न केलं तेव्हा त्याच्याकडे फक्त दुर्बीण होती. पण तुझ्यावर आहे.

एडविनला मी सांगितलं, नूरलांदेला जाऊन सांग, ओलाउग सही करणार नाही. तो म्हणाला, "कशावर?" मी म्हटलं, ते तिला माहीत आहे. तो संध्याकाळी परत आला. "मालेनाबाई म्हणाल्या, तुमच्याकडे सही मागितलीय कोणी?"

बघ. हीच ती तू.

ओलाउग


१८ जुलै, गुरुवार

मालेना,

हे थोडक्यात. मी आता रोज विणकाम घेऊन कातळावर बसते, सकाळच्या कॉफीपासून संध्याकाळच्या कॉफीपर्यंत. खाली उशी, डोक्याला पांढरा रुमाल बांधून, आपण तेव्हा बांधायचो तसा. तुझ्या दुर्बिणीतून दिसत असेनच. ज्याला मोजायचंय त्याने मला धरून मोजावं.

फक्त शनिवारी सकाळी नसेन. तोरुनने मला केस कुरळे करून घ्यायला पाठवायचं ठरवलंय, स्वतःच्या पहिल्या पगारातून. नाही कसं म्हणू? डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग वाटलं, नेमकं शनिवारीच का? म्हटलं शुक्रवारी जाऊया. तर "शुक्रवारी नको!" असं काही ओरडली की मांजर टेबलाखाली गेलं.

शनिवारी काय आहे, मालेना?

ओलाउग


२१ जुलै, रविवार

मालेना,

तू म्हणशील, मी तिथेच होते की, मला काय सांगतेस. पण तू मागे होतीस. मागच्या मुठीवालीला पुढचीची पाठ दिसते, तोंड दिसत नाही. म्हणून पुढून काय दिसलं ते सांगते. आणि तू चिंब भिजून एडविनच्या बोटीत बसलीस त्यानंतर माझ्या स्वयंपाकघरात काय काय बाहेर आलं तेही सांगते. ते तुला आवडणार नाही.

मी केस करून घरी आले. कुरळे, डोक्याला जणू कोबी लावलेला. चहासाठी किटली ठेवली, खिडकीशी आले आणि कातळ पांढरा दिसला.

भरलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत मासे. चिरून सपाट केलेले, शेपटीला शेपटी, ओळीने, मधे पाय ठेवायला जागा सोडून, अगदी जशी सोडायची तशी. मला वाटलं, मी केस करून घेताना खुर्चीतच मेले. आणि मग वाटलं, हा स्वर्ग? इथेही वाळवणच?

तेवढ्यात नाकाला वारा लागला. तुला ठाऊक आहे तो वारा. मान वळवली तर ग्रिप बेटाच्या अंगाने ढग येत होता, बुडाला काळा. यापुढे मी काही विचार केला नाही. मी ओरडले. मुकादम ओरडायचा तसं, "पाऊऽऽस!" आणि घरातल्या सपातांनी, कोबीच्या डोक्याने, कातळावर धावले. तिथे दहा-बारा माणसं उभी होती, कोणी कॅमेरा धरलेला, मी त्यांना ढकललं. वाकले, पहिला मासा उचलला.

हाताला तेव्हाच कळलं. लाकूड. पातळ फळ्या मासा कापल्यासारख्या कापलेल्या आणि पांढऱ्या रंगवलेल्या. पण पाठ वाकली होती, दुसरा हात दुसऱ्या माशाकडे गेला होता, आणि ढग तर खरा होता. मी उचलतच राहिले. मग माझ्यासमोर ती फळी आली. आपली. चार मुठींची. आणि तिच्यापलीकडे तू, निळा कोट, धापा टाकत.

"पुढे तू," म्हणालीस. "मागे मी."

सहा वर्षांनी हे पहिलं बोललीस.

मी म्हटलं, "मालेना, हे लाकूड आहे."

"माहितीये. उचल."

मग मी उचललं. माझ्या डोळ्यांचं तेव्हा जे झालं ते तुला दिसलं नाही, तू मागे होतीस, आणि पाऊसही सुरू झाला होता, म्हणून कोणालाच दिसलं नाही. मला फक्त तुझा आवाज येत होता. "डावीकडे शेवाळ आहे, पाय बघ! तू रे, रेनकोट, शेपट्या आत घाल, आत! कातडं वर! घरी कोणी शिकवलं नाही का?" आणि तो अर्नफिन बिचारा लाकडाच्या माशाचं कातडं शोधत होता. रास किती गोल झाली, बघितलीस? झाकण ठेवलं, धोंडा ठेवला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे सगळं बसवलेलं आहे.

मला वाटतं, बसवलेलंच होतं.

तू गेल्यावर मी त्या दोघांना स्वयंपाकघरात बसवलं, वॉफल समोर ठेवले आणि म्हटलं, कोणी बोलल्याशिवाय कोणाला जॅम मिळणार नाही. तोरुन लगेच रडली. ती नगरपालिकेत नाही, गावच्या संग्रहालयात आहे. अर्नफिनही तिथलाच. जुन्या वाळवणाचा एक दिवस लोकांना दाखवायचा होता, खऱ्या माशाला सीगल सोडत नाहीत म्हणून लाकडाचे केले. फळी तोरुननेच तळघरातून नेली, मला त्या दिवसाची खास पाहुणी करायचं होतं, अचानक. "पण आजी, आधी मावशीआजींची परवानगी मागायला गेलो, आणि त्यांनी सगळं हातातच घेतलं."

अर्नफिन म्हणाला, "त्यांनीच सांगितलं, ओलाउगला विचारू नका, ती नाही म्हणेल. नुसते मासे घाला आणि ढगाची वाट बघा."

"आणि शनिवार?" मी विचारलं.

"तोही त्यांनीच ठरवला. रेडिओवर तर पूर्ण ऊन सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, रेडिओला गुडघे नसतात."

मालेना! तू पाऊस बघून दिवस दिलास. ढग माझ्या खिडकीत यायच्या आधी तू बोटीत बसलेली होतीस, एडविनने कबूल केलंय. भर उन्हात तू एकटी बोटीत निळा कोट घालून बसली होतीस, म्हणाला, आणि आकाशाकडे अशी बघत होतीस जसं कोणी उशीर करणाऱ्या पाहुण्याकडे बघतं.

मग मी टाक्यांचं विचारलं. मला वाटलं त्याला काय माहीत असणार. तो म्हणाला, हो, ते लोक हिवाळ्यात पुन्हा आले होते मालेनाबाईंकडे. आणि तू त्यांना काय सांगितलंस ते त्याने सांगितलं. "कातळ रिकामा नाही. आमचं वाळवण असतं त्यावर."

मी म्हटलं, असं म्हणाली? आमचं?

"हो. आणि मग आम्ही परवानगी मागायला गेलो तर म्हणाल्या, बरं झालं आलात, मला वाळवण हवंच होतं, नाहीतर मी खोटी पडले असते."

 मी जॅम दिला. मग त्याने, पोराने, तोंड भरलेलं असताना उरलेलं सांगून टाकलं. त्याने तुला विचारलं होतं, एवढी किंमत येत असताना का देत नाही? आणि तू चांगल्या कपात कॉफी ओतता ओतता म्हणालीस, "तिथे टाक्या आल्या तर ओलाउगला माझं घर दिसणार नाही. मग माझ्यावर नजर कोण ठेवेल?"

हे तू मला सांगायचं की नाही? उन्हाळाभर मी रात्र रात्र जागले, पोरीच्या नखांकडे बघत बसले, एका बिचाऱ्या कोळ्याच्या मुलाला काय काय समजले, आणि तू तिकडे केकला मलई लावत होतीस! तू मला कधीच कळणार नाहीस. संशय मी घेतला हे चूक नव्हतंच, फक्त चुकीच्या गोष्टीचा घेतला.

कातळावरची रास तशीच आहे. मी अर्नफिनला हलवू दिली नाही. वाळलेलं नाहीये अजून, म्हटलं.

पुढच्या रविवारी बाकालाओ करतेय. खरा मासा, शुक्रवारी पाण्यात घालीन, तोरुनने बटाटे सोलायचं कबूल केलंय आणि अर्नफिनने डोकं सांभाळायचं, कारण तोही त्याच तुळईला आपटतो. तुझी अर्धी थाळी राहिलीय माझ्याकडे. ये आणि संपव. सोनेरी कडेचे कप आण, मला बघायचंय त्यातून कॉफी कशी लागते. रेडिओ काही का म्हणेना. ढग दिसला तर निघ. नाही दिसला तरी निघ.

मी आरसा धक्क्याकडे वळवून ठेवलाय.

ओलाउग